शिरूर ते इंग्लंड, मार्गे दौंड

७ जानेवारी २००८, सोमवार

ठरलं. इंग्लंडला जायचं. वही नवी घेतली, पेनपण नवं.

आयईएल्टीएस म्हणून इंग्रजीची परीक्षा असते. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं. नऊपैकी साडेसहा पडले की तिकडचं कॉलेज घेतं. पुण्याचा एजंट म्हणाला, तुझ्यासारख्या मुलाला तीन महिने बास. ‘तुझ्यासारख्या’ म्हणाला. माणसानं ओळखलं.

खरं तर माझं इंग्रजी पहिल्यापासून बरं आहे. रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर माझ्यावर इंग्रजीत ओरडला तर मी जागेवर ‘सेम टू यू’ म्हटलं होतं. नोकरी गेली, पण उत्तर इंग्रजीत दिलं. मग रिचार्जचं दुकान, मग टेम्पोवर सुरत, मधूनमधून बी.कॉम.चं दुसरं वर्ष. कुठंच जीव रमला नाही. कारण आज कळलं. मी देशच चुकलो होतो.

अब्बांना दुकानात जाऊन सांगितलं. आमचं गाद्या-रजयांचं दुकान, मागं कापूस पिंजायचं मशीन, त्याच्या मागं घर. अब्बांनी मशीन बंद केलं, तोंडावरचा रुमाल खाली ओढला, म्हणाले, परत सांग. परत सांगितलं. म्हणाले, खालच्या आळीतला प्लॉट तुझ्याच नावानं ठेवलाय बेटा, तो विकू, पण आधी परीक्षा पास होऊन दाखव. मग बराच वेळ खोकले. तो कापसाचा जुना खोकला आहे, त्यात काही नाही.

उद्यापासून पहाटे पाच.

८ जानेवारी

पाच वाजता थंडी फार. नऊला उठलो. गाईडचं पहिलं पान उघडलं तेवढ्यात कळलं, घोडनदीच्या पुलापाशी उसाची ट्रॉली उलटलीय. गेलो. क्रेन येईपर्यंत थांबावं लागलं. बोलण्याच्या परीक्षेत ‘तुम्ही पाहिलेली एखादी घटना सांगा’ असं विचारतात, म्हणजे हा अभ्यासच. ट्रॉलीला इंग्रजीत काय म्हणतात ते बघायचं आहे. ट्रॉलीच असणार.

२० जानेवारी, रविवार

लिसनिंग सुरू केलं. गाईडबरोबरची सीडी टीव्हीखालच्या प्लेअरवर लावली. एक बाई हॉटेलात रूम बुक करते, तिचा फोन नंबर लिहून घ्यायचा. बाईनं नंबर सांगायला आणि मशीन चालू व्हायला एकच गाठ. मशीन बंद करायला सांगितलं तर खोकला सुरू. अब्बांना म्हटलं, अब्बा, जरा अंगणात जाऊन खोका ना. गेले. तरी ऐकू येत होतं. मग स्वतःच उठून गल्लीच्या टोकाला गेले आणि तिथल्या ओट्यावर बसले.

आसमीननं वही तपासली. आसमीन म्हणजे माझी बहीण, दहावीला आहे. म्हणाली, भाई, नंबर चुकलाय. मी म्हटलं, एवढ्या आवाजात कुणाचाही चुकेल. म्हणाली, तेव्हा तर अब्बा ओट्यावर होते. तिला बोर्डाच्या परीक्षेचं टेन्शन आहे, म्हणून चिडचिड करते.

३ फेब्रुवारी, रविवार

कवठे येमाईचा पृथ्वीराज स्टँडवर भेटला. शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायचा. घरची बागायत, पांढरे कडक कपडे, आता स्वतःचा युवा मंच काढलाय, पुढं तालुक्यात कुठंतरी उभं राहायचंय. चहा पाजला. मी सहज इंग्लंडचं बोललो.

म्हणाला, “मुज्या, येड्या, आन् हे तू आत्ता सांगतोस व्हय? तुमच्या गल्लीतला पयला पोरगा साता समिंद्राच्या पल्याड चालला. सत्कार घ्यायचा!”

मी म्हटलं, अजून परीक्षाच व्हायची आहे.

“ती हुईल की. परीक्षा झाली की तू जाशील निघून. मग मी सत्कार कुणाचा करू, तुझ्या चपलांचा?”

मुद्दा बरोबर होता.

१० फेब्रुवारी, रविवार

झाला सत्कार. स्टँडसमोर फ्लेक्स. ‘परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन.’ माझा फोटो पृथ्वीराजच्या फोटोपेक्षा लहान आहे, पण विमान माझ्या बाजूला आहे.

अध्यक्ष सावळाराम आबा. मार्केट यार्डात कांद्याची आडत त्यांची, अब्बांचे जुने दोस्त. म्हणाले, “ह्या पोरानं ल्हानपनी माझ्या गोण्यांवरनं उड्या मारल्या, बरका. तवा मी छडी घिऊन मागं लागायचो. आता कुठवर मागं लागू? ह्ये इमानानं चाललंय!” लोक हसले. पृथ्वीराजनं मला इंग्रजीत दोन शब्द बोलायला सांगितले. मी ‘थँक यू’ म्हटलं. बरोबर दोन.

अब्बांना शाल-नारळ. बोलायला नको नको म्हणत होते, आबांनी हाताला धरून उभं केलं. माईक धरला, खोकला दाबला आणि एवढंच म्हणाले, “माझ्या गादीवर सगळं शिरूर झोपतं. माझा पोरगा तेवढा जागा राहिला.” आणि खाली बसले. बायकांत बसलेल्या अम्मीनं पदर डोळ्यांना लावला. मलाही कसंतरी झालं.

उद्यापासून पाच म्हणजे पाच.

१८ फेब्रुवारी

पाचचं जमलं नाही, कारण सत्काराचा शीण. आठ दिवस झाले, शीण जात नाही.

दुसरा त्रास वेगळाच. घराबाहेर पडलं की, “आरं, हितंच?” भाजीवाली शेवंताबाई तर सगळ्या बाजारात ओरडली, “मुजीब बाळा, इमान पंचर झालं का काय तुझं? तुझा हारातला फोटू बघून बघून कावळं बी कटाळलं की रं!” न्हाव्याच्या दुकानात बसलो तर तो म्हणे, बारीक कापतो, तिकडं कटिंग महाग असणार. घरात बसलो तर गिऱ्हाईक दुकानातून वाकून बघतं. परवा मी कापसाच्या गाठीमागं लपलो आणि तिथंच झोप लागली.

माणसाला अभ्यासासाठी आधी गावातून नाहीसं होता आलं पाहिजे.

२५ फेब्रुवारी, सोमवार

उपाय सापडला. दौंड. बिबीजान खाला, अम्मीची थोरली बहीण, रेल्वे लाइनजवळ एकटीच राहते. तिथं मला कुणी ओळखत नाही. परीक्षेची तारीख घेतलीय, १२ एप्रिल, पुण्यात. तोवर दौंडला राहायचं, परीक्षा द्यायची, साडेसहा आणायचे आणि तिथूनच इंग्लंड. मधे शिरूर लागतच नाही.

आसमीन म्हणाली, आणि गाठी कोण उचलणार? अब्बा म्हणाले, भाईच्या जन्माआधी काय तोच उचलत होता? मला हसू आलं. अब्बा अधूनमधून चांगला विनोद करतात.

२ मार्च, रविवार. दौंड

आसमीननं शेजाऱ्यांकडून फोन केला. सावळाराम आबा दुकानात आले होते. म्हणाले, शिद्दीक, पोरगं दिसत न्हाई कुठं? अब्बा म्हणाले, गेला. आबा म्हणाले, “आरं, न सांगता? कितीचं इमान व्हतं?” अब्बा म्हणाले, सकाळचं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. आसमीन म्हणते, अब्बा त्या दिवशी जेवले नाहीत. अब्बांचं तसंच आहे. रजईत मूठभर जुना कापूस घातला तरी गिऱ्हाइकाला आधी सांगून मोकळे होतात. अम्मी म्हणते, या माणसानं धंदा केला नाही, नुसती कबुली दिली.

पण मला फार बरं वाटलं. आता मी अधिकृतपणे इंग्लंडमध्ये आहे. निम्मं काम झालं.

९ मार्च. दौंड

इथं लिसनिंगची फुकट सोय. स्टेशनवर दिवसभर इंग्रजीत अनाउन्समेंट. बाकावर वही घेऊन बसतो. शिवाय दौंडची एक गंमत आहे. बऱ्याच गाड्या इथं येऊन उलट्या फिरतात. इंजिन एका टोकाचं सोडवतात आणि दुसऱ्या टोकाला लावतात, मग आलेली गाडी आल्या तोंडानं परत गेल्यासारखी दिसते, पण जाते भलतीकडं. हे बघण्यात वेळ कसा जातो कळत नाही. प्लॅटफॉर्मवर भजी विकणारा ज्योतिबा दोस्त झाला. म्हणतो, “इंजिनाकडं काय बघतोस? लिव्ह की कायतरी.” तारीख टाकली होती, ती त्याला दाखवली.

१६ मार्च

लिहायला जमलं नाही. ज्योतिबा म्हणाला, डब्यातल्या डब्यात भजी विकत अहमदनगरपर्यंत जाऊन येऊ. गेलो. नगरला तो उतरला, मी गाडी पुढं कुठं जाते ते बघत बसलो. मनमाडला जाते. तिथून चाळीसगाव जवळ आहे असं कळलं. स्टेशनांची नावं इंग्रजीत वाचत गेलो, म्हणजे रीडिंग झालं. खालानं आल्यावर विचारलं, कुठं होतास बेटा इतके दिवस? म्हटलं, रीडिंगला.

२३ मार्च, रविवार

आसमीनचा फोन. तिची बोर्डाची परीक्षा संपली. म्हणाली, भाई, अब्बांना दम लागतो, दोन दिवस मशीन बंद होतं, आजपासून मी चालवते. मी म्हटलं, हात सांभाळ. म्हणाली, तू येऊन सांभाळ ना. मी म्हटलं, मी इंग्लंडात आहे, कसा येऊ? मला वाटलं, हसेल.

मग अब्बा आले फोनवर. म्हणाले, बेटा, कायतरी इंग्रजीत बोल, ऐकू दे.

गाईडमधला ‘माय होमटाऊन’ पाठ होता, तो म्हटला. माय होमटाऊन इज ऑन द बँक ऑफ अ रिव्हर. द पीपल आर व्हेरी हेल्पफुल. संपल्यावर म्हणाले, अजून. अजून पाठ नव्हतं. समोर अनाउन्समेंट चालू होती, तीच म्हणत गेलो. ट्रेन नंबर अमुक विल अराइव्ह शॉर्टली, द इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड. अब्बांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, वा. काहीच कळलं नाही.

इतकं खूश मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मग खोकला लागला आणि फोन आसमीननं घेतला.

८ एप्रिल, मंगळवार

अब्बांना शिरूरमध्येच दवाखान्यात ठेवलंय. ऑक्सिजन लावलाय. आसमीन म्हणाली, भाई, आत्ताच्या आत्ता ये. मी चप्पल घातली. खरंच घातली. तेवढ्यात अम्मीनं फोन घेतला. म्हणाली, येऊ नको. दवाखान्यात सगळी गल्ली येऊन बसलीय, आबा दोन वेळा डबा आणतात. त्यांनी तुला इथं बघितलं तर अब्बांना काय वाटेल? अब्बा सारखं तेच म्हणतायत, पेपर होऊ दे, जाने दे उसको.

शनिवारी पेपर. चार दिवसांचा प्रश्न आहे. पेपर देऊन थेट शिरूर गाठायचं, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. अब्बांच्या उशाशी बसून सांगायचं, अब्बा, झाला पेपर. अर्धे तिथंच बरे होतील.

आता मात्र अभ्यास. रायटिंग अजून उघडलेलं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

तयारी पूर्ण. पेन्सिली दोन, खोडरबर, पासपोर्ट. शर्ट खालानं इस्त्री केला. दवाखान्यातून निरोप, तब्येत जैसे थे. म्हणजे बरीच आहे.

रायटिंगचं गाडीत बघू.

१२ एप्रिल, शनिवार. पुणे, एक बाग

वेळेच्या आधी पोचलो होतो. हे आधी लिहून ठेवतो.

सेंटरच्या गेटपाशी मुलंमुली उभी होती. आपापसात इंग्रजीत बोलत होती, परीक्षा सुरू व्हायच्या आधीच. हसतसुद्धा इंग्रजीत होती. एकीनं मला काहीतरी विचारलं. मी ‘यस’ म्हटलं. ती तशीच बघत राहिली. मग दुसऱ्याकडं वळली.

म्हटलं, समोर चहा घेऊन येऊ. चहा गरम होता. गरम चहा ओढायची मला सवय नाही. गेट लावलं तेव्हा निम्मा कप उरला होता. वॉचमन आतून कडी घालत होता, मला ओळखत नव्हता, तरी माझ्याकडं बघून थांबला. मी दुसरीकडं बघितलं.

आता बागेत बसलोय. मोबाईल बंद ठेवलाय. परीक्षेचा नियमच आहे, मोबाईल बंद पाहिजे. शिवाय आसमीनला माहीत आहे की मी पेपरला बसलोय. मधेच फोन लागला तर तिला वाटेल, हा बाहेर कसा? उगाच घरात काळजी.

दुपार. आत लिसनिंग कधीच संपलं असेल. इथं माळी पाइपानं पाणी घालतोय, ते ऐकू येतंय.

बोलण्याची परीक्षा संध्याकाळपर्यंत चालते असं गाईडमध्ये आहे. तोवर बसतो. अब्बांना काय सांगायचं ते ठरवलंय. चांगला गेला.

१३ एप्रिल. शिरूर

काल पाच वाजता मोबाईल चालू केला. आसमीनचा मेसेज होता. भाई ये.

शिवाजीनगरहून यष्टी मिळाली. शिरूरला उतरलो तेव्हा अंधारून आलं होतं. गल्लीच्या तोंडाशी बिबीजान खाला उभी होती. तिला सकाळीच निरोप गेला होता, ती वेळेत पोचली होती. दंडाला धरून मला मागच्या बोळातून आणलं, मागच्या दारानं आत घेतलं.

अब्बा काल सकाळीच गेले. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं.

आसमीननं सगळं सांगितलं. ती रडत नव्हती, म्हणून मी पण नाही. दुपारी मैयत उचलायच्या आधी सावळाराम आबा दारापाशी आले. आतल्या बायकांना म्हणाले, “वैनी, पोराला कळिवलं का?” अम्मी म्हणाली, फोन बंद आहे. आबा म्हणाले, “तिकडं आत्ता पहाट आसंल, निजलं आसंल लेकरू. निघालं तरी यायला परवा उजाडंल. थांबवायचं का?” मौलाना म्हणाले, मैयतीला ताटकळत ठेवू नये. गल्लीतली सगळी वडीलधारी माणसं उभी होती. अम्मी बोलली असती तर थांबले असते. तिला माहीत होतं, पोरगा पुण्यात आहे, पेपर सुटला की दोन तासांत येईल. पण ते सांगायचं म्हणजे अब्बा खोटं बोलले हे सांगायचं. अब्बा समोर पांढऱ्या कपड्यात. ती गप्प बसली.

मग आसमीन म्हणाली, पेपर कसा गेला? मी तोंड उघडलं. ती म्हणाली, राहू दे.

बाहेरच्या खोलीत माणसं येतायत, जातायत. मी आत, गाठींच्या मागं. खाला म्हणते, आवाज करू नकोस.

१४ एप्रिल, सोमवार

आज तिसरा दिवस. झियारत. कब्रस्तानात जायचं तर लोकांसमोर यावंच लागणार. खालानं युक्ती काढली. उजाडायच्या आधी बॅग घेऊन मागच्या दारानं बाहेर पडलो, पार नदीपर्यंत गेलो. मग दिवस वर आल्यावर स्टँडपासून रिक्षा करून पुढच्या दारात उतरलो. स्टँडवर निळे झेंडे, जयंतीची गर्दी, पण रिक्षावाल्यानं ओळखलं. पैसे घेतले नाहीत.

सावळाराम आबांनी मला छातीशी धरलं. ओक्साबोक्शी रडले. “आलास लेकरा. तिसऱ्याला पोचलास, लय केलंस. आमची पोरं पुण्यात आसून येत न्हाईत रं!” मागून कुणीतरी म्हणालं, औलाद असावी तर अशी. पृथ्वीराज म्हणाला, “मुज्या, फोन करायचा की, मुंबैला गाडी लावली आसती.” शेवंताबाईनं दारातूनच माझ्या गालावरनं हात फिरवून बोटं मोडली. “वाळला गं बाई. काय खातंय तिकडं कुणाला ठावं.”

कबरीवरची माती वरून सुकली होती. फुलं ठेवताना हात लागला तेव्हा आत ओली होती. दुआ म्हणताना मला अर्धी येईना. शेजारचा माणूस मोठ्यानं म्हणत राहिला, मी त्याच्या मागून ओठ हलवले.

परत येताना आबांनी खांद्यावर हात टाकला. म्हणाले, “थंडी लय आसंल न्हाई तिकडं?”

हो आबा.

“कितीक वर्साचं शिक्षान हाय?”

दोन.

“कर पुरं. शिद्दीकचा जीव त्यातच व्हता.”

१६ एप्रिल, बुधवार

मी ठरवलं, आता जायचं नाही. दुकान सांभाळायचं. सकाळी रुमाल बांधून मशीनपाशी गेलो. आसमीन आधीच उभी होती, तोंडाला अब्बांचाच रुमाल. पट्टा कसा चढवतात ते मला येईना. ती म्हणाली, बाजूला हो, बोट जाईल. तिनं एका झटक्यात चढवला. कापूस उडायला लागला तसा मला खोकला आला. ती बघत राहिली.

अम्मीनं आत बोलावलं. इद्दतीत बसली आहे, चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, भिंतीकडं तोंड करून. म्हणाली, सुट्टी किती दिवसांची सांगितलीस लोकांना? म्हटलं, अम्मी, मी जाणार नाही. सांगून टाकतो सगळ्यांना, परीक्षा झालीच नाही.

अम्मी वळली. म्हणाली, तुझे अब्बा आयुष्यात एकच खोटं बोलले, तेही तुझ्यासाठी. आता ते नाहीत सावरायला. ते खोटं ठरवू नकोस.

मी म्हटलं, मग मशीन? गाठी? म्हणाली, आम्ही बघू.

थोड्या वेळानं म्हणाली, पहाटेची न्हावऱ्यावरनं दौंडला जाणारी यष्टी रिकामी असते.

१७ एप्रिल, गुरुवार. दौंड

पोचलो. खालानं दार उघडलं. म्हणाली, किती दिवस बेटा?

कोर्स दोन वर्षांचा आहे.